औषध बंद

पिशवी नेहमीसारखीच होती. पिवळी, नायलॉनची, कुठल्याशा कापडदुकानाचं नाव पुसत आलेली आणि तोंड सुतळीनं शिवून टाकलेली. दर पंधरवड्याला ती पाथर्डीच्या सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या सीटखाली बसून नगरला यायची, आणि भारती भिंगारदिवे कामावर जाता जाता माळीवाडा स्टँडवर तिला उतरवून घ्यायची. आई काही स्वतः यायची नाही; पिशवी यायची. आजही तिनं ती घेतली, रिक्षात मांडीवर ठेवली, ऑफिसचे तीन जिने चढली आणि टेबलाखाली पायाशी सरकवली. एरवी ती संध्याकाळी खोलीवर जाऊनच उघडायची, पण लसणाच्या चटणीचा वास सुटला आणि शेजारच्या खुर्चीतला प्रवीण म्हणाला, "आमच्या वाटणीचं काढा बरं आधी." म्हणून तिनं कागद कापायच्या सुरीनं सुतळी तोडली. बाजरीचं पीठ निघालं, हुलगे निघाले, वाळवलेल्या गवारीचं गाठोडं निघालं, चटणी निघाली. आणि सगळ्यांच्या तळाशी दुधाच्या रिकाम्या पिशवीत, रबर लावून घट्ट बांधलेलं काहीतरी कडक हाताला लागलं.

गोळ्यांची पाकिटं होती. क्षणभर तिला हसूच आलं. मागच्या रविवारी फोनवर ती दोनदा शिंकली होती, म्हणून आईनं गावच्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन पाठवल्या असतील, असं तिला वाटलं. मग तिनं रबर काढलं. पाकिटाच्या चंदेरी पाठीवर काळ्या मार्करनं सूर्य काढलेला होता. दुसऱ्यावर चंद्र. तिसऱ्यावर पुन्हा सूर्य. हे सूर्य आणि हे चंद्र तिनंच काढले होते, स्वतःच्या हातानं, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. आईला अक्षर वाचता येत नव्हतं म्हणून. सूर्याची गोळी सकाळी, चंद्राची रात्री. दर तीन महिन्यांनी ती नवी पाकिटं आणायची आणि त्यांच्यावर नवे सूर्य-चंद्र काढायची. ही पाकिटं दिवाळीत नेऊन दिलेली होती. एकूण बारा. दहा जशीच्या तशी, एकही फुगवटा न फुटलेला. उरलेल्या दोन्हींत, एका सूर्याच्या आणि एका चंद्राच्या, पंधरापैकी सहा सहा जागा रिकाम्या होत्या.

तिच्या कानात एकदम शांत झालं. खोलीत दहा जणं दहा फोनवर एकच प्रश्नावली वाचत होती, वर पंखा नेहमीसारखा खडखडत होता, आणि तरीही विहिरीत डोकं बुडवल्यावर होतं तसं झालं. प्रवीण काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले तेवढे तिला दिसले. सूर्याची गोळी रक्त पातळ ठेवण्याची होती. अकरा महिन्यांपूर्वी आईच्या छातीत स्प्रिंग बसवली तेव्हा डॉक्टरांनी भारतीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही गोळी एक दिवससुद्धा चुकायची नाही. जेवण चुकलं तर चालेल, गोळी नाही. त्यांनी ते दोनदा सांगितलं होतं. भारतीनं मान डोलवली होती आणि मनात म्हटलं होतं, डॉक्टर, जेवण चुकवण्याची सवय आहे हो आमच्या आईला, गोळीचं मी बघते.

तिनं मोबाईलवरून आईला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. आईचा फोन बटणाचा, तो चुलीशेजारच्या कोनाड्यात असायचा आणि आई रानात असायची, हे माहीत असूनही त्या वाजण्यात भारतीला नको नको ते दिसू लागलं. तिसऱ्या वेळी तो उचलला गेला.

"आई? आई, बरी हायेस का तू?"

"बरी हाय की. पिशवी मिळाली का? हुलगं निवडून घ्ये, खडं हायेत."

"आई, त्यात गोळ्या आल्यात."

"व्हय, त्या मुद्दाम घातल्यात. धा पाकिटं तर फोडलीबी न्हाईत बघ. त्या दुकानदाराला माघारी दे, पैशे तरी देईल मेला. मोप पैशे घातलेत तू."

"आई, तू गोळ्या बंद केल्यास? का? कुणी सांगितलं तुला?"

 आई हळू आवाजात, कुणी ऐकत असल्यासारखी बोलली.

"तुमच्याच हापिसातनं फोन आला हुता की गं. बंद करा म्हनून."

 भारती उभी राहिली, पुन्हा बसली. "आई, ऐक. आत्ताच्या आत्ता सुरू कर. मी सांगते ना."

"तू सांगतीस म्हनून कसं? हापिसातल्या बाईनं सांगितलंय. कॅसेटीत हाय ते. समद्या गटाचं हाय, माझ्या एकलीचं न्हाई."

"आई, ती हापिसातली बाई मीच होते!"

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "आवाज वळखत न्हाई व्हय मी? पर तवा तू सरकार हुतीस."

आणि तिनं फोन ठेवला. रागानं नाही, आई फोनवर बोलणं संपलं असं वाटलं की तसाच ठेवून द्यायची.

भारतीनं हेडफोन कानाला लावले. माऊस दोनदा भलतीकडेच गेला. ज्या संस्थेकडं नैसर्गिक शेती योजनेच्या तपासणीचं हे काम होतं तिच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक कॉल जपून ठेवलेला असायचा. नाव टाकलं की तारीख, वेळ, किती मिनिटं, सगळं समोर. भामाबाई कोंडीराम भिंगारदिवे. पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवार, दुपारी पावणेतीन. दोन मिनिटं चौदा सेकंद. त्या मंगळवारी तिनं साठ कॉल केले होते आणि हा सदतिसावा होता. तो दिवस तिला चांगला आठवत होता, कारण कक्षाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम नेमक्या तेव्हाच तिच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. आपल्या आईचं नाव आपल्याच यादीत आलंय हे भारतीनं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. लोक काय, लगेच म्हणतात, घरच्यांना घुसवलं. खरं तर घुसवण्यासारखं काही नव्हतंच. गावात गट करायला पन्नास शेतकरी लागत होते, एकोणपन्नास झाले होते आणि गटप्रमुख रंगनाथ आप्पांना आकडा भरायचा होता. डोंगराकडेच्या एक एकर दहा गुंठे मुरमाड रानाची मालकीण त्यांना तेव्हा आठवली. त्या रानाला रासायनिक खत आणि फवारणी कधी परवडलीच नव्हती. आपल्या गरिबीला नैसर्गिक शेती म्हणतात, हे भारतीला या खुर्चीत बसल्यावर कळलं.

पण आईला त्या यादीचं काय वाटलं होतं ते भारतीनं दिवाळीत डोळ्यांनी पाहिलं होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी डकवली होती. आईनं तिला तिथं नेलं आणि म्हणाली, दाव माझं नाव. भारतीनं दाखवलं. आईनं त्यावर बोट ठेवलं, मग वरच्या नावावर ठेवलं, हे कुणाचं? मग खालच्या, हे कुणाचं? वर एका पाटलांचं होतं, खाली रंगनाथ आप्पांच्या चुलतभावाचं. आई हसली. या गावात तिच्या सासऱ्याची चावडी वेगळी, पाणवठा वेगळा, मसणवटाही वेगळा होता. छप्पन साली सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, पंचशील भिंतीवर लागलं, पोरं शिकली. पण गावाच्या मधोमध, गावाच्या नावांमध्ये आपलं नाव असं आईनं कधी पाहिलं नव्हतं. वाटेत ती म्हणाली होती, "आजवर सरकारनं दिलं ते गरीब म्हनून दिलं गं. घर दिलं, रेशन दिलं, समदं गरीब म्हनून. ह्ये पयलं शानी म्हनून देतंय. रान नीट राखलं म्हनून." भारतीनं तेव्हा ते वाक्य डोक्यात टिपून ठेवलं होतं. पुढच्या अहवालात घालता येईल म्हणून. हे आठवून आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं कॉल सुरू केला.

"नमस्कार. मी नैसर्गिक शेती योजनेच्या तपासणी कक्षातून बोलते आहे. भामाबाई कोंडीराम भिंगारदिवे बोलताय का?" हा आवाज आपला आहे हे पटायला तिला वेळ लागला. घासूनपुसून ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा आवाज. वसतिगृहात राहून, भाषणस्पर्धांत भाग घेऊन, 'हाय'चं 'आहे' आणि 'न्हाई'चं 'नाही' करत करत कमावलेला. याच आवाजावर तर ही नोकरी मिळाली होती.

"व्हय. बोलतीय."

"हा कॉल रेकॉर्ड होतो आहे."

"व्हऊ द्या."

"आपण औषध पूर्ण बंद केलं आहे का?"

इथं आई थांबली होती. मागे एक कोंबडी ओरडली. त्या दिवशी हे थांबणं भारतीच्या कानावर पडलंच नव्हतं, कारण सगळेच शेतकरी या प्रश्नाला थांबायचे. निम्मे तर खोटं बोलायच्या आधी थांबायचे.

"समदंच बंद करायचं का, बाई?"

"हो, सगळंच. अर्धवट चालत नाही."

"आन् घरात जे हाय ते?"

"घरातसुद्धा ठेवायचं नाही. तपासणीला माणसं येतील तेव्हा एकाच्याही घरात औषध सापडलं, तर अख्ख्या गटाचं अनुदान थांबतं."

"आगं बया. आन् तरास झाला मंजी?"

"पहिल्या वर्षी थोडा त्रास होतोच. पीक पिवळं पडतं. घाबरायचं नाही, हळूहळू सुधारतं. लक्षात ठेवा, औषध बंद करा, आई बरी होईल."

मग पुन्हा ते थांबणं. कोंबडी आता लांब गेली होती. आणि मग आई, शाळेत हजेरी देणाऱ्या पोरीसारखी नीट, स्पष्ट: "बरं बाई. तुमी म्हंता तर."

कॉल संपला. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण होती, भारतीनंच केलेली.

औषध बंद करा, आई बरी होईल. हे वाक्यही भारतीचंच. मूळ प्रश्नावलीत 'रासायनिक निविष्ठांचा वापर पूर्णतः थांबविला आहे काय' असं लिहिलं होतं. ते ऐकून लोक नुसतं "आं?" म्हणायचे. भारतीनं पहिल्याच आठवड्यात मॅडमना सांगितलं की गावात याला निविष्ठा म्हणत नाहीत, औषध म्हणतात. औषध बंद केलं का, असं विचारा, लगेच उत्तर मिळेल. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, गावाकडची मुलगी असण्याचा हा फायदा. मग पत्रक काढायचं ठरलं तेव्हा माती म्हणजे आई असं चित्र होतं, हिरव्या लुगड्यातली, आणि खाली काहीतरी लिहायला हवं होतं. भारतीनं तिथल्या तिथं सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिल्हाभर वीस हजार पत्रकं गेली. आईच्या घरातही त्यातलं एक दाराच्या मागं चिकटवलेलं होतं. आईला वाचता येत नव्हतं, पण रंगनाथ आप्पांनी सभेत ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, तीन वेळा.

तरीपण आईनं असं कसं समजावं, असं भारतीचं मन एका बाजूनं म्हणतच होतं. गावात औषध म्हणजे पिकावर मारायचं हे आईपेक्षा जास्त कुणाला माहीत? आबा, म्हणजे भारतीचे वडील कोंडीराम, पाठीला पंप बांधून दुसऱ्यांच्या कपाशीवर औषध मारायला जायचे. आले की आई त्यांना दारात येऊ द्यायची नाही. बाहेरच अंघोळ, सदरा वेगळा, सदऱ्याची बादली वेगळी, वाळत घालायची बाभळही वेगळी. भारती लहान असताना एकदा त्या बाभळीखाली खेळायला गेली म्हणून आईनं तिला सडकून मारलं होतं. औषधाला हात लावू नको, हे या घरातलं पहिलं शिकवलेलं वाक्य. आणि कुणी 'औषध घेतलं' असं गावात म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. त्याचा अर्थ एकच असायचा. म्हणून तर आई हॉस्पिटलातून घरी आल्यावर भारती रोज संध्याकाळी फोन करून "आई, औषध घेतलं का?" असं विचारायची तेव्हा आई चिडायची. "औषध घेतलं म्हनू न्हाई गं पोरी, वंगाळ दिसतं. गोळी म्हन." आणि भारती हट्टानं औषधच म्हणायची. शहरात सगळे तसंच म्हणतात, आई. सवय कर. दहा महिने रोज तिनं आईला ही सवय लावली. दहा महिन्यांनी आईला ती लागली. भारतीच्या तोंडचं औषध म्हणजे सूर्य आणि चंद्र, हे तिनं पक्कं केलं. आणि नेमकं तेव्हा भारतीच्याच तोंडानं सरकारनं सांगितलं की बंद करा.

आणि हे पाच आठवडे? तपासणीची मोहीम सुरू झाल्यापासून रोजचा फोन रविवारवर आला होता. रविवारी ती विचारायची, सगळं व्यवस्थित ना? आई म्हणायची, "समदं नियमात हाय." भारतीला ती थट्टा वाटायची. एकदा तर तिनं ते प्रवीणला सांगून दोघं हसले होते.

"भारती, कॉल का थांबलेत तुझे?" राजेश्वरी मॅडम टेबलाशी उभ्या होत्या. मग त्यांनी टेबलावरची पाकिटं पाहिली, तिचा चेहरा पाहिला. "काय झालं गं?"

"मॅडम, यादीतल्या एकशे बारा नंबरच्या बाई म्हणजे माझी आई," भारती म्हणाली. इतके दिवस लपवलेलं असं सहज निघून गेलं. "मला त्यांना परत फोन करायचाय. रेकॉर्डवरून. नाहीतर ती ऐकणार नाही."

मॅडमना कळलं की नाही कोण जाणे. पण त्या म्हणाल्या, "लाव." भारतीनं नंबर दाबला. यावेळी पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. आई अजून फोनजवळच बसून होती.

"नमस्कार," भारती म्हणाली. आवाज आणायला तिला घसा दोनदा खाकरावा लागला. "मी नैसर्गिक शेती योजनेच्या तपासणी कक्षातून बोलते आहे. भामाबाई कोंडीराम भिंगारदिवे बोलताय का?"

"व्हय बाई, बोलतीय."

"हा कॉल रेकॉर्ड होतो आहे."

"व्हऊ द्या."

"सध्या काय परिस्थिती आहे?"

हा प्रश्नावलीतला चौथा प्रश्न होता, पिकाबद्दलचा. तो तिनं मुद्दाम विचारला, कारण मुलीला आई बरी हाय की म्हणाली होती. सरकारला कदाचित खरं सांगेल.

"आता काय सांगू बाई," आई म्हणाली. "चार दिस झालं, छातीत भरून येतंय. डावा हात जड पडतोय. सकाळी हांडा उचलंना. पर तुमी सांगितलंच हुतं की, पयलं वरीस पिवळं पडतं म्हनून. घाबरले न्हाई मी."

मॅडमनी भारतीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो काढला नाही. भारतीला वाटलं, आपण आता ओरडणार. पण तो घासलेला आवाज तिच्या तोंडून निघतच राहिला, आणि त्याच्याबद्दल तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"भामाबाई, नीट ऐका. तुम्ही औषध आजपासून सुरू करायचं आहे. आत्तापासून. हा आदेश आहे."

"सुरू करायचं? पक्कं का?"

"पक्कं."

"आन् गटाचं? माझ्यापायी बाकीच्यांचं जाईल. त्यांनी पयल्यांदा नाव घातलंय माझं."

"कुणाचं काही जाणार नाही. हे रेकॉर्डवर सांगते आहे मी."

"कॅसेटीत आलं का?"

"आलं."

आईनं सुस्कारा सोडला. तो हेडफोनमध्ये इतक्या जवळून आला की भारतीनं डोळे मिटले. मग आई जरा अवघडून, मोठ्या माणसाची चूक दाखवताना बोलावं तशी म्हणाली, "पर बाई, आता सुरू करू कशी? गोळ्या तर समद्या तुमच्याकडंच आल्यात की."

पुढचं भारतीला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मॅडमनी तिच्या कानावरून हेडफोन काढले. मॅडमनीच हॉस्पिटलला फोन लावला. तिथून सांगितलं की पहिली गोष्ट, आईला चालू देऊ नका, आणि जितक्या लवकर आणाल तितकं बरं. पाथर्डीत गोळी मिळेलही, पण मिळेल न मिळेल, शोधत बसू नका, गाडीत घाला आणि निघा. वस्तीवरच्या गोरक्षची जीप होती, ऊसतोडीची माणसं न्यायची. भारतीनं फोन केला तेव्हा तो घरीच होता हे नशीब. रंगनाथ आप्पाही सोबत निघाले. आणि भारती पाकिटं मुठीत धरून खाली आली, मिळाली त्या गाडीत बसली आणि पाथर्डीच्या दिशेनं निघाली. नगरमध्येच थांबली असती तरी चाललं असतं. जीप नगरलाच येत होती. पण थांबणं तिच्यानं होईना. गोळ्या इथं आणि आई तिथं, मधलं जेवढं अंतर कमी करता येईल तेवढं करावं, एवढंच तिला समजत होतं. बाहेर कोरडी माळरानं मागं जात होती. तिच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी तशीच होती. फोनवर दर दहा मिनिटांनी ती गोरक्षला विचारत होती, बोलते का आई? आणि तो म्हणत होता, "बोलत्याती की. मला गाडी सावकाश चालव म्हनत्यात."

करंजीच्या घाटाच्या खाली दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या. मधल्या सीटवर आई बसली होती, अंगावर लग्नाकार्यातलं लुगडं, कारण सरकारी कामाला निघालोय असंच तिला वाटत होतं. चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घामाचे थेंब होते. भारती जीपमध्ये चढली. आईचा हात हातात घेतला, तो गार होता. तिनं पाकीट फोडलं. सूर्याची गोळी हातावर घेतली आणि पाण्याची बाटली पुढं केली. आईनं गोळीकडे पाहिलं, भारतीच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि मग शेजारी बसलेल्या रंगनाथ आप्पांकडे.

"घे ना आई. घे लवकर."

"आप्पा हायेत," आई कुजबुजली.

रंगनाथ आप्पांचा चेहरा कसनुसा झाला. गावातला बोलका माणूस, सभेत तीन तीन वेळा पत्रक वाचणारा. "आवं भामावैनी, घ्या की. त्ये औषध न्हवं ह्ये. त्ये औषध येगळं, आन् ह्ये... ह्ये औषध..." आणि तिथंच ते अडकले. मग त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि घाटाकडं बघत बसले.

भारतीनं ओळखपत्राची पट्टी गळ्यातून काढली आणि खाली टाकली. "आई," ती म्हणाली, "मी हाय गं. भारती हाय. गोळी घे."

तेव्हा आईनं गोळी उचलली. पदर चेहऱ्याभोवती ओढून घेतला, आप्पांना दिसू नये असा, आणि पदराच्या आत ती गिळली. गोरक्षनं गाडी वळणाच्या बाहेर काढली. आईनं डोकं भारतीच्या खांद्यावर टेकलं. श्वास जड येत होता. बऱ्याच वेळानं, तिला झोप लागली असं वाटत असतानाच, ती डोळे न उघडता म्हणाली,

"कुनी इचारलं तर सांग, भारते. औषध रानात न्हाई टाकलं मी."